तलावाच्या पाळीखाली

गोंदियाला एकदा आम्हा ग्रामपंचायतीच्या बायांचं प्रशिक्षण होतं. एक साहेब फळ्यावर बाण काढून शिकवत होते. संकट आधी ओळखायचं, मग आराखडा करायचा, मग काहीही होवो, आराखडा सोडायचा नाही. मराठीत अडले की हिंदीवर घसरायचे. गोंदियात सगळेच घसरतात. "देखिए, जो आगे का सोचता है, वही बचता है," ते म्हणाले आणि मला हसू फुटलं. त्यांनी विचारलं, "मॅडम, हसण्यासारखं काय झालं?" मी म्हटलं, "साहेब, आमच्या घरात आगे का सोचणारा माणूस होता. त्याच्या सोचण्यापायी आमच्या टोल्यावर, तलावाखालच्या वस्तीवर, काय वेळ आली ते सांगू का?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जेवणानंतर सांगा." जेवणानंतर कोणी विचारलं नाही. मला राग आला, तो अजून गेला नाही, म्हणून आता सांगते.

तो माणूस म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमचं गाव कोहमाऱ्यापासून आत, तलावाच्या काठाला. आमच्या जातीच्या पूर्वजांनी तलाव बांधले, हे आमच्याकडे लेकराला बोलता यायच्या आधी सांगतात, आणि भासऱ्यांना तर वाटायचं की हा तलाव त्यांनी स्वतःच खोदला. गावात काहीही ठरवायचं असो, माणसं त्यांच्या ओसरीवर. सरपंचपदाला कोणाला उभं करायचं, कोणाला बसवायचं, कोणत्या टोल्याची मतं कुठं वळतील, लग्नात रुसलेल्या पाहुण्याला कोण समजावेल, सगळं त्यांच्या डोक्यात आधीच मांडलेलं असायचं. बोलायचे कमी. सुपारी कातरत सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी एक वाक्य टाकायचे. त्यावर मग कोणी बोलत नसे. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच निघायचं, आणि घात तिथंच होता.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर यायचं नाही. आलीच तर डोक्यावर पदर घेऊन, तोंड फिरवून. त्यांच्याशी बोलायचं नाही, ते बसतात त्या खाटेला हात लावायचा नाही. त्यांनीही माझ्याकडे बघायचं नाही. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि या माणसाशी मी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं तर जाऊबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगणार. जाऊबाई नसतील तर खांबाला सांगायचं. "खांबा, भाजी आणखी वाढू का विचार." खांबाच्या पलीकडून उत्तर यायचं, "खांबा, पुरे म्हणावं." हसू येतं ना? मलाही यायचं, पण पदराआड.

मग बायांच्या राखीव जागेवर मी ग्रामपंचायतीत निवडून आले. मला उभं कोणी केलं? भासऱ्यांनीच. निरोप जाऊबाईंकडून आला. मेंबर झाले म्हणून पाण्याच्या समितीत गेले आणि त्या समितीचे अध्यक्षही भासरेच. म्हणजे तलावाचं पाणी कोणत्या बांधीला, धानाच्या कोणत्या शेताला, कधी सोडायचं हे आम्ही दोघांनी मिळून ठरवायचं, पण एकमेकांशी न बोलता. सरपंच मध्ये बसायचे आणि दोन्हीकडचं इकडून तिकडे करायचे. बिचाऱ्यांची मान दुखायची.

भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा वरचं जुनं घर भासऱ्यांकडे राहिलं आणि आम्ही खालच्या टोल्यात घर बांधलं. टोला म्हणजे वीस-बावीस घरं, तलावाच्या पाळीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीच्या, थेट पायथ्याशी. आमच्या गोठ्याची मागची भिंत आणि पाळीचा उतार यांच्यात एक गाडीवाट होती, बस. सासू आमच्याकडे राहायची. ओट्यावरून पडून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं, खाटेवरून उठता येत नव्हतं. तोंड मात्र ठणठणीत. नवरा ट्रकवर, तो आज रायपूर तर उद्या नागपूर. घरात आम्ही दोघीच बाया.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याआधीची दोन वर्षं हस्त नक्षत्रानं दगा दिला होता. धान निसवलं की त्याला शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं नाही तर लोंबीत दाणा भरत नाही, हातात नुसते पोचे राहतात. तलावाचं पाणी शेवटाकडच्या बांध्यांपर्यंत पोचेपर्यंत संपून जायचं, आणि आमची बांधी शेवटाकडेच. म्हणून त्या वर्षी तलाव काठोकाठ भरला तेव्हा भासऱ्यांनी सभेत आपलं वाक्य टाकलं, "सांडवा दोन हात उचलायचा."

सांडवा म्हणजे तलाव भरला की जादा पाणी निघून जायची वाट. ती दगड, चिकणमाती आणि मातीनं भरलेल्या चुंगड्या घालून बुजवली की तलावात तेवढं पाणी जास्त साठतं. करू नये असं सरकार सांगतं. पण पूर्वजांचा तलाव आमचा, त्याचं आम्हाला सरकारनं काय शिकवायचं, हा ताठा आमच्या लोकांत पिढीजात आहे. दुसऱ्या कोणत्या गावानं निदान भीत भीत केलं असतं. आम्ही नारळ फोडून केलं.

मी खांबाआडून सरपंचांना म्हटलं, "विचारा म्हणावं, हस्त पडलाच तर पाणी काढायचं कुठून?"

सरपंचांनी विचारलं. भासरे भिंतीकडे बघत म्हणाले, "दोन वर्ष पडला नाही. यंदाही वारं तसंच हाये."

"पण पडलाच तर?"

यावर माणसं हसली. एक जण मला म्हणाला, "बाई, तुमाले तुमच्या बांधीले पानी पायजे का नाई?" पाहिजे होतं. पाणी कोणाला नको असतं. विषय तिथंच संपला आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. बाभळीच्या मेखा ठोकल्या, चिकणमाती पायांनी तुडवून थरावर थर दिले. भासरे स्वतः उभे राहून करून घेत होते. "पक्कं करा. बैल चालला पायजे त्याच्यावरून," असं त्यांनी सांगितल्याचं मला जाऊबाईंनी कौतुकानं सांगितलं.

हस्त लागला आणि सुरुवातीचे काही दिवस कोरडे गेले. गाव भासऱ्यांचे गोडवे गात होतं. मग एका पहाटे पाऊस सुरू झाला तो थांबायचं नावच घेईना. पत्र्यावर असा वाजत होता की सासूशी ओरडून बोलावं लागत होतं. ती हस्ताची जुनी म्हण म्हणाली, "पडला हत्ती, तर पडल्या भिंती. तुया भासऱ्याले सांग, हत्ती आला म्हणून." मी म्हटलं, "मी काय सांगू? मला तोंड आहे का त्यांच्यापुढे?" म्हातारी म्हणाली, "तोंड तर तुले बापा दोन-दोन हायेत."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाऊस तसाच. गावातली बाप्ये माणसं सांडव्यावर जमली होती. पाणी सांडव्यात घातलेल्या आमच्या बांधावर टेकलं होतं आणि अजून चढत होतं. जाऊबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी सालेकशाकडे गेलेल्या, रस्ता बंद झाल्यानं तिकडेच अडकल्या. टोल्यातल्या बाया माझ्याकडे येऊन विचारत होत्या, "काय म्हणतात तुमचे भासरे? फोडून राहिले का नाही?" जणू काही ते मला सांगून गेले होते. तरी तोंडावर मी म्हणत होते, "त्यांना कळते, ते पाहून घेतील."

गोठ्यात म्हैस ओरडत होती म्हणून मी मागं गेले. पाळीच्या पायथ्यातून पाणी झिरपत होतं. ते दरवर्षीच झिरपतं. भरलेला तलाव थोडा पाझरतोच, आणि ते पाणी स्वच्छ असतं, त्यात आम्ही पायसुद्धा धुतो. पण त्या दिवशी ते गढूळ होतं. पाण्याबरोबर पाळीची माती बाहेर येऊन राहिली होती. पाळीखाली राहणाऱ्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी म्हशीचं दावं सोडलं, शेजारणीला सासूजवळ बसवलं आणि पाळीवर चढले.

पाळीवर चालताना एका बाजूला तलाव इतका वर आला होता की वाकून हात घातला असता. दुसऱ्या बाजूला खाली आमची घरं. माझं घर इतकं खाली आहे हे मला त्या दिवशी दिसलं. सांडव्याच्या अलीकडं दोन-तीन जण उभे होते. पहिल्याला मी सांगितलं, "त्यांना सांगा, आमच्या गोठ्यामागं पाळीतून गढूळ पाणी निघून राहिलं, बांध लवकर फोडा." तो पुढं गेला, दुसऱ्याला बोलला. दुसरा आणखी पुढं. शेवटचा माणूस भासऱ्यांजवळ जाऊन जे बोलला ते वाऱ्यावर मला ऐकू आलं. "टोल्यात थोडंसं झिरपून राहिलं म्हणते बाई."

गढूळ कुठं गेलं? फोडा कुठं गेलं? वाटेत गळलं. एकालाही त्या माणसाला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही की तुझं चुकतंय. भासरे पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "झिरपतेच ते. अजून वीतभर जागा हाये. संध्याकाळपर्यंत उघडीप होते." त्यांचा हिशेब मला आज कळतो. बांध एकदा फोडला की पाण्याच्या जोरानं सांडव्याचा तळही खरवडून जाणार, होतं ते पाणीही जाणार, आणि पुढं पाऊस नसला तर तिसऱ्या वर्षी पोचे. त्यांना धान वाचवायचं होतं. ते दुष्टपणानं उभे नव्हते, आपल्या आराखड्यावर उभे होते.

पण तेव्हा मला हिशेब कळत नव्हता. माझं डोकं फिरलं होतं. मी त्या माणसांना बाजूला सारून पुढं गेले. आणि भासऱ्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिल्यावर कळलं की यांना हाक मारायला माझ्याकडे शब्दच नाही. अजी म्हणावं तर ते नवऱ्याला म्हणायचं. भाऊ म्हणायची रीत नाही. नाव घेणं तर मेल्यानंतरही नाही. मी वळसा घालून त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये गेले, चिखलात, डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर उतरला होता, आणि बोलले, "तुमची आई खाटेवर आहे. गोठ्यामागून गढूळ पाणी येते."

भासऱ्यांनी रीतीप्रमाणं मान खाली घातली. माझ्या पायांकडे बघत त्यांनी विचारलं, "किती गढूळ?"

"चहासारखं."

"फोडा," ते म्हणाले.

म्हणणं सोपं होतं. पक्का बांधलेला बांध फुटेना. फावडं आदळलं की चिकणमातीत रुतून बसायचं. बाभळीच्या मेखा उपटायला सब्बल, लोखंडी पहार, लागली, सब्बल गावात एकाच्या घरी, तिकडे माणूस पळाला. कमरेला नाडे बांधून चार-पाच जण पाण्याच्या तोंडाशी खणत होते आणि नाडा धरणारे मागं देवाचं नाव घेत होते. बांध घालताना कोणी एका क्षणासाठीही विचार केला नव्हता की तो आपल्यालाच काढावा लागेल.

भासरे तिथं थांबले नाहीत. ते पाळीवरून धावत निघाले, मी मागं. पायऱ्यांसारख्या खोदलेल्या वाटेनं घसरत खाली उतरलो. मी ओरडून टोल्यातल्यांना घराबाहेर काढत होते. बाया लेकरं, कोंबड्या, डबे घेऊन वरच्या देवळाकडे पळत होत्या. घरात गेलो तर सासू खाटेवर जागीच. शेजारणीला मी देवळाकडे पिटाळलं. उचलायला घेतलं की कमरेनं किंचाळायची. भासरे इकडेतिकडे बघू लागले, कोणी बाप्या मिळतो का. सगळे सांडव्यावर. मी म्हटलं, "खाटेसकट उचलू. डोक्याकडून तुम्ही धरा." त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, खरंच पाहिलं, आणि वाकले. डोक्याकडं ते, पायाकडं मी.

म्हातारी त्या पावसातही मला म्हणाली, "बोलून राहिले का तुमी दोघं? मंग त्या खांबाले इतके वर्ष मध्ये कायले उभं केलं?" गुडघाभर पाण्यातून आम्ही ती खाट देवळाच्या चढापर्यंत नेली. चढावर पोचलो तेव्हा मागं धप्प असा आवाज झाला. पाळीचा उतार आमच्या गोठ्यावर येऊन बसला होता. गोठा दिसतच नव्हता. पाळ वरून अर्धी उरली होती आणि तिच्यामागं तलाव होता. त्यानंतरचा वेळ मला आठवतो तो फक्त भासऱ्यांच्या श्वासाचा, ते माझ्या शेजारी उभे राहून पाळीकडे बघत होते आणि त्यांना श्वास लागला होता. मग सांडव्याकडून गर्जना ऐकू आली. बांध फुटला होता. पाणी नाल्यानं सुटलं आणि हळूहळू, फार हळूहळू, पाळीवरचा भार उतरला. पाळ उभी राहिली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण त्यानंतर चित्रा कोरड्या गेल्या, स्वातीही कोरड्या गेल्या. सांडवा खरवडून गेल्यानं तलाव रिकामा होत गेला आणि शेवटाकडच्या बांध्या करपल्या. आमचं धान पोचं निघालं. म्हणजे भासऱ्यांचं पाण्याचं भाकीतही अर्धं खरं ठरलं. गावात दोन तट पडले. टोल्यातली माणसं म्हणायची वाचलो. वरची म्हणायची, पाळ फुटलीच नसती, खचून आपोआप बसली असती, उगाच घाबरून पाणी घालवलं. याचा निकाल कोण लावणार? न फुटलेली पाळ काही सांगत नाही. पण मला पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागले, आणि मी ऐकून घेणारी बाई नाही. दोघीतिघींशी माझं बोलणं कायमचं बंद झालं.

धानाची मळणी झाल्यावर समितीची सभा झाली. एक जण, ज्याचं सगळं धान पोचं निघालं होतं, उभा राहून म्हणाला, "बाईच्या बोलण्यावर पानी सोडलं. धोरण बायांच्या घाबरण्यावर ठरते का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भासरे बोलले. भिंतीकडे बघून नाही, सगळ्यांकडे बघून. "बाईनं सांगितलं म्हणून नाही सोडलं. माझी माय खाली होती म्हणून सोडलं."

मला वाटलं हे माझ्या बाजूनं बोलले. मग त्या वाक्याचा अर्थ पोचला आणि माझ्या अंगाची लाही झाली. टोल्यात वीस-बावीस घरं होती. लेकरं होती, म्हातारे होते, माझी शेजारीण गरोदर होती. मी खांब सोडून पुढं आले आणि सरळ त्यांना विचारलं, "अन् माय खाली नसती तर?"

त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "तर थांबलो असतो," ते म्हणाले. "वीतभर जागा होती ना."

मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतका खरं बोलणारा माणूसही मी कधी पाहिला नव्हता. त्या रात्री मी जेवले नाही.

पुढच्या वर्षी सांडवा उचलायचा विषय पुन्हा निघाला, कारण पाणी तर लागतंच. भासऱ्यांनी आपलं एक वाक्य टाकलं नाही. त्यांनी एकेकाला विचारत सभा लांबवली, इतकी की माणसं वैतागली. पाऊस पडेल का हे कोणाला विचारलंच नाही. पडला तर तू कुठं असशील, बांध काढायला कोण जाईल, तो घरी नसला तर कोण, टोल्याला कोण उठवेल, हेच विचारत राहिले. शेवटी अर्धाच हात उचलला, तोही लाकडी फळ्यांनी, एका माणसाला ओढून काढता येतील अशा. फळ्या काढायचा हुकूम त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. टोल्यातल्या कोणालाही, बाईलासुद्धा, गढूळ पाणी दिसलं की न विचारता ओढायची मुभा दिली. वरच्यांनी कुरकुर केली. एक जण म्हणाला, डोकं म्हातारं झालं.

पण माझं मन शांत नव्हतं, कारण सासू त्या उन्हाळ्यातच गेली होती. आता टोल्यात, ट्रकवर फिरणारा माझा नवरा सोडला तर, भासऱ्यांचं रक्ताचं कोणी नव्हतं. फळ्या असोत की काही असो, वर बसलेल्या माणसाला आमची वीस घरं पुन्हा वीतभर जागेइतकीच दिसतील असं मला वाटत होतं, आणि मी तसं जाऊबाईंना बोलूनही दाखवलं होतं.

हस्त लागायच्या आदल्या दिवशी दुपारी भासरे आमच्या दारात आले. काखेत वळकटी, हातात पितळी तांब्या. नवरा नेमका घरी होता, तो गडबडून उठला. "काऊन दादा? काही झालं का?"

"हस्त संपेपर्यंत इथं राहीन म्हणतो," ते म्हणाले आणि सासू निजायची त्या भिंतीकडे, पाळीच्या बाजूला, त्यांनी वळकटी सोडली.

नवरा म्हणाला, "वर चांगलं कोरडं घर असताना इथं कायले?"

त्यांनी चादर झटकली. मग नवऱ्याला नाही, मला उत्तर दिलं, "खाली माझी माय राहिली नाही ना आता. म्हणून मीच आलो."